मेल पोचते ती ओळखीवर

आज बोलायचे आहे गटाच्या मेलबद्दल. आपला माल विकला जावा म्हणून आपण गिऱ्हाइकाला जी ईमेल पाठवतो, ती लिहायची कशी आणि त्याच्या इनबॉक्समध्ये पोचवायची कशी, हा आजचा विषय.

पाठवलेली प्रत्येक मेल पोचत नाही. आपल्याला ती 'सेंट'मध्ये दिसते, म्हणून आपण निर्धास्त असतो. तिकडे ती स्पॅमच्या पेटीत पडलेली असते. ही पेटी फार कमी लोक उघडून बघतात. जीमेलमध्ये तर स्पॅममधली मेल 30 दिवसांनी आपोआप पुसली जाते.

विषय लहान वाटतो, पण त्यात गटाचे पैसे अडकलेले असतात. समजा, दिवाळीच्या महिनाभर आधी गटाने चकलीची भाजणी, अनारशाचे पीठ, पोहे यांचे दर मुंबईतल्या सोसायट्यांना आणि ऑफिसांना मेलने कळवले. उत्तर आले नाही. गटाला वाटते, यंदा मागणी नाही. सोसायटीच्या ऑफिसात बसणाऱ्या माणसाला वाटते, यंदा गटाने कळवलेच नाही. तो दुसरीकडे मागणी देऊन मोकळा होतो. दोघांनीही चूक केलेली नाही. पण इकडे डाळी भाजून झालेल्या असतात, पिशव्या छापून आलेल्या असतात, आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही.

आम्ही शिवडीला राहतो आणि गावच्या गटांचा माल मुंबईत विकला जावा यासाठी हातभार लावतो. त्यामुळे मेल कुठे अडते हे रोज बघायला मिळते. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. इनबॉक्समध्ये शिरायची युक्ती अशी काही नसते. मेल पोचते ती ओळखीवर. समोरचा आपल्याला ओळखतो का, त्याने आपल्याला बोलावले आहे का, आणि आपण खरोखर आपणच आहोत हे दाखवता येते का, एवढ्यावर सगळे ठरते.

खानावळीची वही

ओळखीवर धंदा कसा चालतो हे शिवडीला नवीन नाही. शिवडी, काळाचौकी, लालबाग, परळ हा सगळा गिरणगाव. गिरण्यांत कामाला कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. बायकामुले गावी, आणि गडी इथे दाटीवाटीच्या खोल्यांत. त्यांच्या जेवणाची सोय केली ती खानावळ चालवणाऱ्या बायकांनी. महिनाभर जेवायचे आणि पगार झाला की पैसे द्यायचे, असा रिवाज. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, त्यांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून दिले. आज आपले बचत गट ज्या वाटेने चालतात, त्या वाटेवरचे ते एक आधीचे पाऊल.

महिन्याच्या उधारीवर चालणाऱ्या खानावळीचा सगळा आधार म्हणजे जेवणाऱ्यांची यादी. यादीत नाव कोणाचे? जो स्वतः येऊन 'उद्यापासून मला ताट लावा' म्हणाला त्याचे. जो गावी गेला त्याचे ताट बंद. ज्याने 'पुढच्या महिन्यापासून नको' सांगितले त्याचे नाव कमी. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला हाताला धरून पाटावर बसवले, तर खानावळ आठ दिवसांत बंद पडेल.

गटाच्या मेलची यादी अगदी अशीच ठेवायची. हे एवढे मनात पक्के ठेवा, पुढचे सगळे सोपे जाईल.

दारावरचा वॉचमन

आता गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आहेत. चाळीत कोणीही थेट दारापर्यंत जाऊ शकायचे. टॉवरच्या फाटकावर वॉचमन असतो. तो विचारतो, कोण तुम्ही? कोणाकडे जायचे? त्यांनी बोलावले आहे का? मग वर फोन लावतो. वरून 'हो' आले तरच लिफ्ट.

जीमेल, याहू यांसारख्या मेल कंपन्यांनी आपल्या दारावर असाच वॉचमन बसवला आहे. तो माणूस नाही, संगणकाचा प्रोग्रॅम आहे. आलेली प्रत्येक मेल तो तपासतो आणि ठरवतो, हिला इनबॉक्समध्ये सोडायचे, स्पॅममध्ये टाकायचे, की दारातूनच परत पाठवायचे.

हा वॉचमन बसवावा का लागला, तेही सांगतो. 3 मे 1978 रोजी अमेरिकेत संगणक विकणाऱ्या एका कंपनीच्या गॅरी थुर्क नावाच्या माणसाने सुमारे 400 जणांना एकाच वेळी जाहिरातीची मेल पाठवली. कोणीही ती मागितलेली नव्हती. लोक चिडले, तक्रारी झाल्या. न मागता घाऊक पाठवलेली ती पहिली जाहिरात मेल मानली जाते. पुढे मेल पाठवायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही हे सगळ्यांच्याच लक्षात आले. मग नको त्या मेलचा पूर आला आणि वॉचमन बसले.

फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी नियम आणखी कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5,000 किंवा जास्त मेल पाठवणाऱ्याला आता तीन प्रकारची ओळख दाखवावी लागते. एका टिचकीत 'मला नको' म्हणता येईल अशी सोय द्यावी लागते, आणि 'नको' म्हणणाऱ्याचे नाव दोन दिवसांत काढावे लागते. लोकांनी 'ही मेल स्पॅम आहे' असे बटण दाबण्याचे प्रमाण हजारात एकाच्या आत ठेवावे आणि हजारात तीनपर्यंत कधीच जाऊ देऊ नये, असेही गूगल सांगते.

आपला गट काही दिवसाला 5,000 मेल पाठवत नाही. पण या आकड्यावरून वॉचमन किती काटेकोर आहे ते समजते. हजारात तीन तक्रारी त्याला जास्त वाटतात. आपण 200 जणांना मेल पाठवली आणि फक्त दोघांनी स्पॅमचे बटण दाबले, तर ते प्रमाण हजारात दहा झाले.

वॉचमन काय बघतो

पहिली गोष्ट, ओळखपत्र. मेलवर आपल्या गटाचे नाव आहे, पण ती खरेच गटाने पाठवली आहे कशावरून? यासाठी तीन व्यवस्था आहेत. नावे अवघड आहेत, काम सोपे आहे. एसपीएफ म्हणजे आपल्या नावाने मेल कोणकोण पाठवू शकते याची यादी. 'आमचा माल हाच टेम्पो आणील' असे आपण सोसायटीला आधी कळवतो, तसे. डीकेआयएम म्हणजे पाकिटावरची मोहोर. वाटेत कोणी मेलमध्ये फेरफार केला तर मोहोर जुळत नाही. डीमार्क म्हणजे वॉचमनला दिलेली सूचना: यादी आणि मोहोर यांपैकी एकही आमच्या नावाशी जुळले नाही, तर त्या माणसाला सोडू नका.

गट थेट जीमेलमधून मेल पाठवत असेल, तर हे तिन्ही काम गूगल स्वतः करते. आपल्याला काही करायचे नाही. घोटाळा होतो तो इथे. यादी वाढली की कोणीतरी सुचवते, घाऊक मेल पाठवणारी एखादी सेवा घ्या. आपण ती घेतो आणि पाठवणाऱ्याच्या जागी आपला फुकटचा जीमेलचा पत्ता टाकतो. मग मेल येते त्या सेवेकडून, आणि नाव सांगते जीमेलचे. वॉचमनला हे तोतयासारखे दिसते आणि मेल स्पॅममध्ये जाते. मजकूर कितीही चांगला असो, उपयोग नाही.

म्हणून अशी सेवा घ्यायची असेल तर आधी गटाच्या किंवा प्रभागसंघाच्या नावाचे स्वतःचे डोमेन घ्या. डोमेन म्हणजे पत्त्यातला ॲटच्या खुणेनंतरचा भाग. ते वर्षाच्या भाड्याने मिळते. एकेका गटाला परवडत नसेल तर प्रभागसंघाने मिळून घ्यावे. ज्याच्याकडून घ्याल त्याला तीनच शब्द सांगा: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. 'तिन्ही लावून द्या आणि लागल्याचे दाखवा' म्हणायचे. दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरी गोष्ट, पूर्वीची वागणूक. या पत्त्यावरून आधी आलेल्या मेल लोकांनी उघडल्या का? उत्तर दिले का? की न वाचता पुसल्या? वॉचमन हे लक्षात ठेवतो. म्हणून नव्या पत्त्यावरून पहिल्याच दिवशी 300 जणांना मेल पाठवू नका. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या दहा-पंधरा गिऱ्हाइकांना पाठवा, जी नक्की उत्तर देतील. मग तीस, मग साठ. नवीन सून जशी हळूहळू घरात रुळते, तसा पत्ता रुळू द्यायचा.

तिसरी गोष्ट, मेलमधला मजकूर. त्याबद्दल पुढे सविस्तर बोलू.

पत्ते मिळवायचे कसे

आपल्यापैकी बऱ्याच जणी 'उमेद'च्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाला मुंबईत येतात. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या प्रदर्शनातही स्टॉल लावतात. तिथे माल घेणारे गिऱ्हाईक म्हणजे आपली खरी यादी. स्टॉलवर दोनशे पानी वही ठेवा. रकाने असे आखा: तारीख, नाव, मेलचा पत्ता, कोणता माल आवडला, आणि 'दर कळवणारी मेल पाठवू का?' शेवटच्या रकान्यात गिऱ्हाइकाने स्वतः 'हो' लिहून सही करायची.

ही सही नुसती रीत म्हणून नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 साली झाला. माणसाची माहिती वापरायची तर त्याची स्पष्ट संमती हवी, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती काढून घेणेही सोपे असले पाहिजे, हे त्यातले तत्त्व आहे. वहीतली सही म्हणजे गटाकडे असलेला पुरावा.

पत्ता लिहून घेताना घाई करू नका. आपल्या शिवडीचा पिनकोड 400015. पिनकोडची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने बसवली आणि 15 ऑगस्ट 1972 पासून ती सुरू झाली. पत्रावर पिनकोडचा एखादा आकडा चुकला तरी पोस्टमन नाव, गल्ली, चाळ वाचून पत्र बऱ्याचदा पोचवतो. मेलला असा पोस्टमन नाही. एक अक्षर चुकले की मेल परत, नाहीतर भलत्याच माणसाकडे. जीमेलच्या स्पेलिंगमध्ये आय आणि एची अदलाबदल होते. शेवटच्या 'कॉम'मध्ये एमच्या जागी एन पडतो. शून्य आणि ओ सारखेच दिसतात. म्हणून पत्ता एकेक अक्षर मोठ्याने वाचून दाखवा आणि गिऱ्हाइकाकडून 'बरोबर' म्हणवून घ्या. जमले तर तिथल्या तिथे 'धन्यवाद, हा आमच्या गटाचा पत्ता' अशी एक ओळ पाठवा आणि त्यांच्या मोबाइलवर आली का बघा. स्पॅममध्ये गेली असेल तर त्यांनाच 'नॉट स्पॅम' दाबायला सांगा आणि आपला पत्ता त्यांच्या कॉन्टॅक्टमध्ये ठेवायची विनंती करा. वर राहणाऱ्याने वॉचमनला 'यांना ओळखतो' म्हणून सांगितल्यासारखे ते आहे.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. हजारो पत्त्यांची यादी विकत देणारे लोक भेटतात. ती घेऊ नका, फुकट मिळाली तरी घेऊ नका. त्यातल्या एकानेही आपल्याला बोलावलेले नसते. शिवाय अशा याद्यांत काही पत्ते मुद्दाम पेरलेले असतात. ते कोणाही माणसाचे नसतात. न विचारता मेल पाठवणारे कोण, हे पकडण्यासाठी लावलेले ते सापळे असतात. त्या पत्त्यावर मेल गेली की आपले नाव खराब झाले. मग आपल्या खऱ्या गिऱ्हाइकालाही आपली मेल मिळेनाशी होते.

मेल लिहायची कशी

सुरुवात विषयाच्या ओळीपासून. मोबाइलवर विषयाचे पहिले पाच-सहा शब्दच दिसतात. त्यातच काम सांगून टाका. 'धमाका ऑफर!!! आजच घ्या!!!' असा विषय वाचून वॉचमनही सावध होतो आणि माणूसही. त्यापेक्षा 'चकली भाजणीचे दर, मागणी 5 तारखेपर्यंत' हा विषय साधा आहे, खरा आहे. विषयात एक आणि आत दुसरेच, असे करू नका. आधी काही बोलणे झालेले नसताना उत्तर दिल्यासारखा विषय लिहू नका. माणूस एकदा फसतो, दुसऱ्यांदा स्पॅमचे बटण दाबतो.

मजकूर अक्षरांत लिहा. बरेच गट छान रंगीत पोस्टर करतात आणि मेलमध्ये फक्त तो फोटो टाकतात. फोटोतला मजकूर वॉचमनला नीट वाचता येईलच असे नाही. फक्त चित्र असलेल्या मेलकडे तो संशयाने बघतो. काही जणांच्या मोबाइलवर तर चित्र दिसतच नाही, नुसती रिकामी चौकट दिसते. म्हणून दर, तारीख, फोन हे सगळे अक्षरांत आणि सोबत हवा तर एक लहान फोटो. जड पीडीएफ आणि आखूड केलेल्या लिंका टाळा. आखूड लिंक कुठे नेते ते कळत नाही, म्हणून ती संशयास्पद ठरते.

आता एक नमुना वाचून दाखवतो. मासिकात तो छापला आहे, उतरवून घ्या. मोकळ्या जागी आपले दर आणि नावे घाला.

विषय: चकली भाजणीचे दर, मागणी 5 तारखेपर्यंत

नमस्कार ताई (इथे त्यांचे नाव),
मुंबईच्या सरस प्रदर्शनात तुम्ही आमच्या गटाकडून कुळथाचे पीठ घेतले होते आणि दिवाळीचे दर कळवायला सांगितले होते. ते कळवत आहोत.
चकली भाजणी, अर्धा किलो: … रुपये
अनारशाचे पीठ, अर्धा किलो: … रुपये
मागणी 5 तारखेपर्यंत कळवावी. माल 15 तारखेला तुमच्या सोसायटीच्या ऑफिसात पोचेल. पैसे माल बघून द्यावेत.
भाजणी अर्ध्या किलोच्या पाकिटात बरी पडेल की एक किलोच्या? या मेलला उत्तर देऊन एवढे जरूर कळवा.
आपल्या,
गटाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा
फोन, अन्न नोंदणी क्रमांक
अशा मेल पुढे नको असतील तर 'नको' एवढेच उत्तर द्या. तुमचे नाव आम्ही यादीतून काढू.

या मेलमध्ये काय काय आहे बघा. पहिल्याच वाक्यात ओळख सांगितली आहे: कुठे भेटलो आणि मेल का पाठवतो. गिऱ्हाइकाला विसर पडलेला असतो. 'या कोण?' असे वाटले की बोट स्पॅमच्या बटणाकडे जाते. मग दर आणि तारखा. मग एक प्रश्न. हा प्रश्न फार कामाचा. उत्तर आले की वॉचमनला कळते, या दोघांचे बोलणे आहे. मेलला आलेले उत्तर म्हणजे ओळखीची सर्वांत चांगली खूण. शेवटी गटाचे पूर्ण नाव, पत्ता आणि अन्न नोंदणीचा 14 आकडी क्रमांक. हा क्रमांक वॉचमनसाठी नसून गिऱ्हाइकाच्या भरवशासाठी आहे. आणि सर्वांत खाली, नको म्हणायची सोय.

'नको म्हणायची वाट आपणच कशाला दाखवायची?' असे पुष्कळ जणींना वाटते. विचार करा. ज्याला मेल नको आहे तो ती थांबवणारच. 'नको' असे उत्तर द्यायची वाट सापडली तर तो शांतपणे बाहेर पडेल. नाही सापडली तर तो स्पॅमचे बटण दाबेल, आणि त्याचा फटका बाकी सगळ्या गिऱ्हाइकांच्या मेलला बसेल. खानावळीतून माणूस हिशेब मिटवून गेला तर उद्या चार जणांना आपली वाट दाखवील. भांडून गेला तर दारात उभा राहून बोंब मारील.

किती जणांना, किती वेळा

फुकटच्या जीमेलमधून दिवसाला 500 जणांपर्यंतच मेल जाते. त्यापुढे गेलात तर पाठवणे काही काळ, जास्तीत जास्त एक दिवस, बंद होते. पण 500 चालतात म्हणून 500 जणांना एकदम पाठवू नका. यादी शंभराच्या आत असेल तर दोघी-तिघींनी मिळून रोज वीस-वीस मेल नाव घालून पाठवाव्यात. वेळ जातो, पण प्रत्येकाला स्वतःच्या नावाची मेल मिळते आणि उत्तरेही जास्त येतात.

सगळ्यांचे पत्ते एकाच मेलमध्ये 'टू'च्या रकान्यात टाकणे तर पूर्ण बंद करा. त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाला बाकी सगळ्यांचे पत्ते दिसतात. कोणी विश्वासाने दिलेला पत्ता आपण चव्हाट्यावर मांडल्यासारखे होते. एकत्रच पाठवायची वेळ आली तर पत्ते 'बीसीसी'च्या रकान्यात टाका. तिथले पत्ते एकमेकांना दिसत नाहीत.

आणि फक्त दिवाळीलाच मेल पाठवू नका. वर्षातून एकदा येणाऱ्याला वॉचमन विसरतो आणि गिऱ्हाईकही. त्या त्या दिवसांत जे असेल ते कळवा: उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे, आंब्या-कोकमाच्या दिवसांत आमसुले, आगळ, श्रावणात उपवासाची भाजणी, मग दिवाळी. वर्षाला पाच-सहा मेल पुरे. रोज दार वाजवणाऱ्या शेजारणीचाही कंटाळा येतोच.

पाठवण्याआधी आणि पाठवल्यावर

मेल सगळ्यांना पाठवण्याआधी आपल्याच ओळखीच्या तिघींना पाठवा. त्यांतली एखादी जीमेलशिवाय दुसरी मेल वापरणारी असू द्या. कुठे आली विचारा: इनबॉक्स की स्पॅम? संगणकावर जीमेल उघडली तर त्या मेलच्या तीन टिंबांत 'शो ओरिजिनल' असा पर्याय असतो. तिथे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्हींपुढे 'पास' लिहिलेले दिसले पाहिजे. दहावी झालेली कोणतीही मुलगी हे बघून सांगू शकेल.

पाठवल्यावर दोन दिवसांनी इनबॉक्स पुन्हा उघडा. पत्ता सापडला नाही म्हणून परत आलेल्या मेल तिथे दिसतील. त्या पत्त्यावर वहीत लाल पेनाने खूण करा. फोन नंबर असेल तर विचारून पत्ता दुरुस्त करा, नसेल तर तो पत्ता यादीतून काढा. बंद पत्त्यांवर पुन्हा पुन्हा पाठवले तर वॉचमनला वाटते, याला आपली माणसेच माहीत नाहीत. वर्षभर एकही मेल न उघडणाऱ्या किंवा उत्तर न देणाऱ्या गिऱ्हाइकाला एकदाच विचारा, 'पाठवत राहू का?' उत्तर नाही आले तर नाव कमी करा. दोनशे पत्त्यांची झोपलेली यादी असण्यापेक्षा साठ जागत्या गिऱ्हाइकांची यादी गटाला जास्त माल विकून देते.

खात्याची किल्लीही जपा. गटाचे मेलचे खाते बऱ्याचदा कोणाच्या तरी पुतण्याच्या मोबाइल नंबरवर उघडलेले असते. तो नोकरीला गेला, नंबर बदलला, की खाते गेले. खाते गटाच्या नंबरवर ठेवा, पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडेच असू द्या, आणि दोन टप्प्यांची तपासणी चालू करा. 'तुमचे खाते बंद होणार, इथे पासवर्ड भरा' अशी मेल आली तर भरू नका, ओटीपी कोणाला सांगू नका. चोराने खाते हाती घेतले तर तो आपल्या नावाने हजारो लोकांना घाण पाठवतो. पैसे गेले तर ते पुन्हा कमावता येतात, पण नाव सावरायला वेळ लागतो.

नेहमी येणारे प्रश्न

व्हॉट्सॲप असताना मेल कशाला? घरगुती गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲप चांगलेच. पण तिथे ब्रॉडकास्ट केलेला निरोप ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच जातो. शिवाय ऑफिसचे कँटीन, सोसायटीची कमिटी, दुकानदार यांना दरपत्रक आणि बिल कागदोपत्री हवे असते. कमिटीच्या बैठकीत चार गटांचे दर समोर ठेवून निर्णय होतो. तिथे आपली मेल हवी. दोन्ही वापरा. मेल पाठवली की फोनवर एक निरोप टाका, 'दरपत्रक मेल केले आहे, दिसले नाही तर स्पॅममध्ये बघा.'

मेल 'प्रमोशन्स'मध्ये गेली तर? ते स्पॅम नव्हे. जीमेल जाहिरातीच्या मेल वेगळ्या कप्प्यात ठेवते. तो कप्पा लोक उघडतात. गिऱ्हाइकाने मेल तिथून मुख्य कप्प्यात ओढून ठेवली की पुढच्या मेलही तिथे यायला लागतात.

मराठीत लिहिले म्हणून मेल स्पॅममध्ये जाते का? नाही. मोबाइलवर आपण टाइप करतो ते युनिकोडमधले मराठी सगळीकडे नीट दिसते. जुन्या फॉन्टमधून चिकटवलेला मजकूर मात्र समोर अगम्य खुणांसारखा दिसतो. तो टाळा.

'मेल इनबॉक्समध्येच जाईल, खात्री देतो, पैसे द्या' असे कोणी म्हणाला तर? पैसे देऊ नका. अशी खात्री कोणीच देऊ शकत नाही. वॉचमनला चिरीमिरी चालत नाही.

पुढच्या बैठकीत करायचे काम

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत तीन कामे करा. एक, आपल्याकडचे सगळे पत्ते एका वहीत लिहा आणि प्रत्येकापुढे तो कुठे मिळाला ते लिहा. जो कुठून आला हे आठवत नाही, तो खोडा. दोन, वरचा नमुना आपल्या मालाप्रमाणे बदलून लिहा आणि बैठकीत मोठ्याने वाचा. ऐकून एखादीला 'हे आपल्याला कोणी पाठवले असते तर वाचले असते का?' याचे उत्तर 'नाही' वाटले, तर पुन्हा लिहा. तीन, एकीला परत आलेल्या मेल आणि 'नको' म्हणणाऱ्यांची नोंद ठेवायचे काम नेमून द्या. हिशेबाच्या वहीइतकेच ते महत्त्वाचे आहे.

आपण दळलेले पीठ चांगले आहे, पापड चांगले आहेत. मुंबईत ते हवेसे वाटणारी माणसेही आहेत, शिवडीत तर घरटी कोणाचे ना कोणाचे गाव कोकणात किंवा घाटावर आहे. त्यांच्यापर्यंत जाताना आपले खरे नाव सांगायचे, विचारून आत जायचे आणि नको म्हटले की मागे फिरायचे. शेजारच्या घरी आपण असेच जातो, मेलही तशीच पाठवायची.